समुपदेशकाने दिलेला गुपुरो

आमच्या मुतारे शहरात नवरा-बायकोचं वाजलं, की लोक माझं दार वाजवतात. मी प्रमाणपत्रवाला समुपदेशक आहे. एकट्याचं दुःख, जोडप्याचं भांडण, अख्ख्या घराचा अबोला, सुटत नसलेली दारू, सगळ्यांसाठी माझ्याकडे वेगवेगळ्या खुर्च्या आहेत! मोडायला आलेले सतरा संसार मी सांधलेत. अठरावा सांधताना घोटाळा झाला.

रविवारी सकाळी एका चिडलेल्या नवऱ्याला फोनवर समजावत होतो. "दादा, बायको बोलते तेव्हा सल्ला देऊ नका. फक्त ऐका." तेवढ्यात माझी बायको रातिद्झो समोर येऊन काहीतरी म्हणाली. रविवारी ती चर्चला जाते आणि कोम्बीच्या, म्हणजे मिनीबसच्या, कंडक्टरकडे कधीही सुटे नसतात, हे मला पाठ. मी फोन कानाला तसाच ठेवून खिशातून पाच रँडचं नाणं काढलं आणि तिच्या हातावर टेकवलं.

ती नाण्याकडे बघतच राहिली. मग आत गेली आणि एका हातात बॅग, दुसऱ्या हातात आमची लेक रुफारो, अशी बाहेर पडली. चर्चला एवढी मोठी बॅग कशाला, असं मनात आलंही. पण फोनवरचा नवरा रडायला लागला होता.

दुपारी रुसापेहून तिच्या आत्याचा फोन. "जावईबापू, तुमचा गुपुरो पोचला."

आम्हा शोना लोकांत नवऱ्याने बायकोच्या हातावर असं नाणं ठेवलं, की तिला सोडल्याची ती खूण. त्यालाच गुपुरो म्हणतात.

"आत्याबाई, ते कोम्बीचं भाडं होतं!"

"असं? मग तिने विचारलं काय होतं?"

मला कुठलं आठवायला!

"तिने विचारलं होतं, मी या घरात राहू, की जाऊ?"

मिळेल त्या गाडीने रुसापे गाठलं. वाटेत जन्मात वाटली नव्हती एवढी भीती वाटली. रातिद्झोशिवाय त्या घरात मी करणार काय होतो?

पोचल्याबरोबर जमिनीवर बसून, जावयाने वाजवायच्या तशा टाळ्या वाजवून नमस्कार केला आणि सुरुवात केली, "आत्याबाई, कौटुंबिक समुपदेशनाची पहिली पायरी..."

"पायरीवरच बसा. बाहेरच्या."

मी बाहेरच्या पायरीवर बसलो. दारात चटई टाकून आत्याबाई रातिद्झोला म्हणाल्या, "बोल गं."

"आई गेल्याला आठ महिने झाले. मी स्वयंपाकघरात एकटी रडते. हे बाहेरच्या खोलीत लोकांचे डोळे पुसत असतात."

मला मान वर करवेना. शरम वाटली, अगदी खरी.

आत्याबाईंनी निकाल दिला. "आजपासून महिनाभर ही बोलेल आणि तुम्ही ऐकाल. हिच्यासमोर तोंडातून शब्द काढायचा नाही. हा नियम मोडलात, तर गुपुरो खरा धरीन."

रातिद्झो माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "रुफारोचे बाबा, येते मी घरी. पण आत्या काय म्हणाली, ते कळलं ना?"

महिना सुरू झाला होता. मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि तिच्याकडे बघत राहिलो.

ती आत्याकडे वळली. "बघ. आत्तासुद्धा लक्ष नाही."