देवरेचे शुभेच्छुक

योगेश देवरेला कुठलीही वस्तू एका जागी राहिलेली बघवत नसे. गंगापूर रोडच्या आमच्या खोलीत दोन खाटा, एक टेबल आणि एक बादली एवढाच संसार होता. पण मी कॉलेजातून परत आलो की माझी खाट आज कुठल्या भिंतीला असेल, ते काही सांगता यायचं नाही. एकदा लाइट गेलेले असताना मी सवयीनं अंग टाकलं आणि भरल्या बादलीत बसलो. “जरा हलवून पाहिलं भाऊ,” देवरे म्हणाला. त्याच्या मते हे पुरेसं स्पष्टीकरण होतं.

मेसमध्ये तो पोळी एका बाकावर खायचा आणि भात दुसऱ्यावर. सिनेमाला मध्यंतरानंतर याची खुर्ची वेगळी. असला माणूस शेजारी झोपतो म्हटल्यावर माझं अर्धं लक्ष सतत माझ्या चपलांकडे असायचं.

अशा माणसाला वेबसाइट बनवायची वेळ आली. त्याचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, आणि मार्क असे की मोठ्या कंपन्यांनी त्याला दारातूनच परतवून लावलं असतं. पुण्याची एक लहानशी कंपनी तेवढी म्हणाली होती, मार्क राहू द्या, केलेली कामं इंटरनेटवर मांडा, ती बघून बोलावू. सटाण्याला परत जाऊन काकाच्या कांद्याच्या गाळ्यावर बसायचं नसेल, तर देवरेला आता ते एक पानच तारणार होतं. आणि ते पान काही एका जागी थांबेना.

सोमवारी त्याचा फोटो डावीकडे, मंगळवारी उजवीकडे, बुधवारी फोटोच गायब. सायबर कॅफेत मी शेजारच्या खुर्चीवर जांभया देत बसायचो. “हिरवा बरा का पिवळा?” मी हिरवा म्हटलं की तो पिवळा करायचा, आणि पिवळा झाला की म्हणायचा, “आते काय करू? हिरवाच बरा होता.” मी कॉमर्सचा, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्याच्या पायाची थरथर माझ्या खुर्चीपर्यंत पोचायची.

एक गोष्ट मात्र तो कधी हलवत नसे. पानाच्या तळाशी, चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असते तशी गोल चेहऱ्यांची एक पट्टी होती आणि तिच्यावर लाल अक्षरांत ‘शुभेच्छुक’. मेसच्या काकू, कॅफेवाले रफिकभाई, सटाण्याच्या एसटीचे एक कंडक्टर, कॉलेजच्या लायब्ररीतले शिपाई. मागून आणलेल्या मोबाइलवर काढलेले फोटो, त्यामुळे काकूंच्या हातात झारा आणि रफिकभाईंचे डोळे मिटलेले.

“अरे, नोकरी मागतोयस का नगरसेवकाचं तिकीट?” मी म्हणालो. त्याच्या वर्गातली पोरं तर पोट धरून हसली. देवरेनं त्या रात्री पानाचा रंग चारदा बदलला, पण पट्टीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये मी काकूंना म्हटलं, “काकू, तुम्ही इंटरनेटवर झळकताय. देवरेच्या पानावर.”

“कोण देवरे?”

“तो नाही का, सारखी जागा बदलतो.”

“असंल बाबा. एवढी पोरं जेवून जातात, कोणाकोणाचं नाव ध्यानात ठेवू?”

रफिकभाईंनी जरा विचार केला. “वो तीन नंबर मशीनवाला? शरीफ लडका है. नाम नहीं मालूम.”

खोलीवर येऊन मी त्याला म्हणालो, “देवऱ्या, या लोकांना तुझं नावसुद्धा माहीत नाही.”

तो टेबल ओढत होता, तो थांबला. चिडला की त्याच्या तोंडी घरची, सटाण्याकडची बोली यायची. “त्यासले कसाले माहीत पाहिजे?” मग सावकाश म्हणाला, “मी तापानं पडलो होतो तेव्हा काकूंनी पेज पाठवली. परीक्षेच्या दिवशी त्या कंडक्टरनं माझ्यासाठी गाडी थांबवली. त्यांना कशाला लक्षात राहील? माले माहीत शे ना.”

इतकं बोलून त्यानं टेबल पुन्हा होतं तिथं ढकललं.

कंपनीनं त्याला बोलावलं. मुलाखत घ्यायला त्यांचे साहेब कॉलेजातच आले होते. दुपारी माझा मोबाइल वाजला.

“देवरेंच्या पानावर शुभेच्छुक आहेत,” पलीकडचे साहेब म्हणाले. “मी म्हटलं, यातल्या कोणाशी तरी बोलू या. त्यांच्याकडे एकाचाही नंबर नाही. तुमचा दिला. पण तुमचा फोटो तर इथे दिसत नाही?”

“मी रूम पार्टनर आहे सर.”

“हो, ते म्हणाले. फोटोसाठी तुम्हाला विचारायचं होतं, पण तुम्ही हसाल असं वाटलं त्यांना.”

दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहत होतो.

“मुलगा कामाचा आहे,” साहेब म्हणाले, “पण काल साइट हिरवी होती, आज पिवळी आहे. माणूस टिकेल ना?”

“टिकेल सर. माणसं नाही बदलत तो.”

“ठीक आहे, घेतो आम्ही त्यांना. आणि तुम्ही? शुभेच्छुक आहात ना?”

“आहे सर,” मी म्हणालो. “संध्याकाळपर्यंत माझा फोटो दिसेल तिथे.”