आश्रम पायरीची गाळणी

कोणतीही संस्था बंद पडण्यापूर्वी तिथे आधी शिस्त येते. विंचूरच्या मांगल्य वाइन्स या कंपनीत ती एका सोमवारी आली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सर्वदूर पसरली.

निमित्त क्रिकेटचं झालं. आदल्या आठवड्यात नाशिकहून तपासणीला आलेल्या साहेबांनी हिशेब विभागात पाऊल ठेवलं आणि अख्खा विभाग उभा राहून टाळ्या वाजवू लागला. साहेबांनी हात जोडून स्वागत स्वीकारलं. टाळ्या षटकाराला होत्या, हे त्यांना बाहेर पडताना कळलं. कंपनीचे मालक वाल्मीकअण्णा बोरगुडे यांच्या मनाला हे फार लागलं. अण्णा गळ्यात तुळशीची माळ घालतात, वर्षाला चार लाख लिटर वाइन बनवतात आणि तिला आजवर शिवलेले नाहीत. (त्यांचा संबंध फक्त द्राक्षांशी. पुढे द्राक्षांचं काय होतं, ही द्राक्षांची खासगी बाब.)

अण्णांनी नाशिकहून इंटरनेटची गाळणी बसवून घेतली. नको ती पानं अडवणाऱ्या या यंत्रणेच्या चार पायऱ्या होत्या: मोकळी, जबाबदार, सुसंस्कृत आणि आश्रम. चारही पायऱ्यांचा भाव सारखाच असल्यामुळे अण्णांनी आश्रम घेतली. आश्रम पायरीत क्रिकेट, पत्ते, सिनेमा, वधू-वर सूचक मंडळं आणि ज्यावर दारू, मद्य किंवा वाइन हा शब्द येतो असं प्रत्येक पान बंद होतं. त्या जागी जोडलेल्या हातांचं चित्र येतं आणि खाली ओळ येते, 'हे पान आपल्या संस्कारांत बसत नाही.'

सोमवारी तृप्ती देवरेनं कंपनीचं स्वतःचं संकेतस्थळ उघडलं, तेव्हा ते तिच्या संस्कारांत बसलं नाही. कंपनीला आलेल्या ईमेलही बसल्या नाहीत, कारण पत्त्यातच वाइन होती. पहिल्या अहवालानुसार इंटरनेटचा गैरवापर शंभर टक्क्यांनी घटला. वापरही तेवढाच घटला, पण तो अहवालाचा विषय नव्हता.

तृप्ती निर्यात विभागात होती, म्हणजे खरं तर निर्यात विभाग तीच होती. डेन्मार्कच्या एका व्यापाऱ्याची ऑर्डर शुक्रवारपर्यंत हाती आली तर तिची नोकरी कायम होणार होती, नाहीतर कळवणला परत. कळवणला एक स्थळ तयार होतं. मुलाकडे तीन एकर डाळिंब होतं आणि कोणत्याही विषयावर मत नव्हतं. आई रोज फोनवर विचारायची, "नोकरी पक्की व्हयनी का?" तृप्तीला तिकडे जायचं नव्हतं, आणि त्या आठवड्यात तिला खरोखर भीती वाटत होती.

गाळणीतून एखादा शब्द सोडवण्याची सोय होती. मालकाने सहीनिशी अर्ज करायचा होता. अर्जाचा मजकूर छापील होता: 'माझ्या आस्थापनेत मद्य चालू करावे, ही नम्र विनंती.' तृप्ती तो घेऊन अण्णांकडे गेली.

"पोरी, मी माळकरी माणूस," अण्णा म्हणाले. "असल्या कागदावर माझी सही नाय मिळायची. गावात तोंड दाखवायला जागा राहील का?"

(कारखान्याच्या परवान्यावर त्यांची सही होती, पण तो कागद इंग्रजीत होता.)

अण्णांना दुखवायचं नाही आणि कामही थांबवायचं नाही, तेव्हा मार्ग उरला तो आडवाटेचा. हिशेब विभागातल्या दिनेशनं एक तोडगा आणला. त्या तोडग्यानं संगणकाला आपण रोमानियात आहोत असं वाटू लागतं आणि रोमानियातल्या माणसाला विंचूरची गाळणी लागत नाही. दिवसभर सगळं छान चाललं. मग रोमानियातल्या गादी-कारखान्यांच्या जाहिराती येऊ लागल्या, आणि कर भरायची वेळ आली तेव्हा सरकारी संकेतस्थळानं परदेशी माणसाला दारातही उभं केलं नाही. संध्याकाळी आश्रमाला रोमानियाचाही सुगावा लागला. मग तोही संस्कारांत बसेनासा झाला.

अखेर सगळ्यांना फाटकासमोरची चहाची टपरी आठवली. टपरी कुसाबाईंची, आणि टपरीत त्यांचं स्वतःचं वायफाय.

"चहा घेतला तर वीस मिनिटं," कुसाबाई म्हणाल्या. "व्हिडिओ पाह्यचा आसंल तर भजी घ्यावी लागंल. त्यो नेट लय खातो."

बुधवारपर्यंत खरेदी, विक्री आणि हिशेब हे तिन्ही विभाग टपरीच्या बाकांवर आले. कारखान्यात पहारेकरी आणि शिस्त एवढंच उरलं. कामाचा वेग दुपटीनं वाढला, कारण वीस मिनिटांत पासवर्ड संपत असे. व्यवस्थापनशास्त्राला जे साधलं नाही, ते कुसाबाईंनी आलं घालून साधलं. पित्ताच्या तक्रारींतही चाळीस टक्के वाढ झाली.

शुक्रवारी तृप्तीनं दोन प्लेट भजी सांगितली आणि डेन्मार्कला व्हिडिओ कॉल लावला. व्यापारी नाकावर चष्मा ठेवून आकडे तपासत होता. भावावर तो अडून बसला होता.

त्याच वेळी अण्णा टपरीत शिरले. ते इकडंतिकडं न बघता मागच्या बाकावर बसले आणि हळूच म्हणाले, "एक प्लेट भजी." सगळ्यांना कळायचं ते कळलं आणि सगळ्यांनी आपापल्या प्लेटमध्ये डोकं घातलं.

झालं असं होतं, की अण्णा दर गुरुवारी गावात व्यसनमुक्तीवर प्रवचन देत. त्याचा व्हिडिओ निघे. तो किती जणांनी पाहिला, हे पाहिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. पण प्रवचनात दारूचं नाव पदोपदी येत असल्यामुळे आश्रमानं तेही अडवलं होतं. अण्णांनी व्हिडिओ लावला, आणि आवाज कमी कसा करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"एकदा का हिची चव लागली," मोबाइलमधले अण्णा टपरीभर गरजले, "की माणूस पुन्हा सुटत नाय!"

डेन्मार्कच्या व्यापाऱ्यानं मान वर करून विचारलं, हे गृहस्थ कोण? तृप्तीनं सांगितलं, कंपनीचे मालक. ते काय म्हणतायत? तृप्तीनं शब्दशः भाषांतर करून सांगितलं. व्यापाऱ्यानं चष्मा काढून ठेवला. इतक्या तळमळीनं आपल्या मालाबद्दल बोलणारा मालक त्यानं युरोपात पाहिला नव्हता. त्यानं भावाचा हट्ट सोडला आणि ऑर्डर दुप्पट केली.

तृप्तीनं तिथंच आईला फोन लावला. "व्हयनी," एवढंच तिला बोलता आलं. मग ती मनसोक्त रडली आणि कुसाबाईंनी तिला पासवर्डाशिवाय चहा दिला.

सोमवारी अण्णांनी सभा घेतली. टपरीचं काम पाहून त्यांनी तिला कंपनीचं अधिकृत संपर्क कार्यालय जाहीर केलं. अधिकृत कार्यालय झाल्यामुळे दुपारी तिथंही गाळणी बसली. सगळे विभाग शेजारच्या पंक्चरच्या दुकानात गेले.

तृप्तीची नोकरी कायम झाली, पण खातं बदललं. पळवाटा तिला सर्वांत जास्त ठाऊक असल्यामुळे तिला गाळणी अनुपालन अधिकारी नेमलं. गाळणीच्या पलीकडे जाणारे शोधायचे, एवढंच काम. तिनं ते इतकं मन लावून केलं, की गाळणीच्या नाशिकच्या पुरवठादारानं जिल्ह्याबाहेरचीही सगळी कार्यालयं तिच्याकडे सोपवली. तिची पद्धत साधी आहे. दारू, मद्य आणि वाइन हे तिन्ही शब्द ठासून भरलेली एक कथा तिनं इंटरनेटवर ठेवली. गाळणीच्या आत प्रामाणिकपणे बसलेल्या माणसाला ती उघडताच येत नाही.

आपण ती नुकतीच संपवत आणलीत. खुलासा सोमवारपर्यंत आपल्या साहेबांच्या टेबलावर पोचावा. 'चुकून उघडलं गेलं' हे कारण ग्राह्य धरलं जात नाही, कारण चुकून उघडणारा माणूस इथपर्यंत वाचत नाही.