घरातील नराविषयी सूचना

जनावरांच्या डॉक्टरांचे जावई त्या सकाळी दवाखान्यात शिरले ते राज्य जिंकून आल्यासारखे.

"बाबा, तुमचं रजिस्टर आता रद्दीत द्या. यंत्राला नुसत्या अटी सांगायच्या. ज्या नोंदी त्यात बसतात तेवढ्या ते शोधून काढतं आणि त्यांच्या घरी मेसेजही धाडतं."

सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. जावयांनी चांगली नोकरी सोडून हा प्रोग्राम लिहायला घेतला, तेव्हापासून ते त्यांच्याकडे औषध न गिळणाऱ्या बोकडाकडे पाहावं तसे पाहत. "आज चालवून पाहू," ते म्हणाले. "जमलं तर संघटनेच्या चाळीस दवाखान्यांत शिफारस करतो. नाही जमलं तर पिंजरे धुवायला माणूस हवाच आहे."

जावयांनी तीन अटी घातल्या. नर असावा, वय वर्षाच्या वर असावं, नसबंदी झाल्याची नोंद नसावी. बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत एकशे चौदा नोंदी जुळल्या आणि एकशे चौदा मेसेज गेलेसुद्धा: 'आपल्या घरातील नराची नसबंदी बाकी आहे. उद्या सकाळी उपाशीपोटी आणावे. चावत असल्यास तोंड बांधून आणावे.'

"एकशे चौदा?" सासरे म्हणाले. "आपल्याकडे बोके आणि कुत्रे मिळून साठ नाहीत."

"धंदा वाढलाय, बाबा."

तेवढ्यात फोन वाजला. काउंटरवरच्या बाईंनी उचलला. "हो... वय काय म्हणालात? चौपन्न?" त्यांनी फोनवर हात ठेवला. "साहेब, शिवणकामवाल्या काकू विचारतायत, चौपन्नचा चालेल का. त्यांचे मिस्टर आहेत."

मग जावयांच्या डोक्यात प्रकाश पडला. जनावरं, त्यांचे मालक, औषधविक्रेते, कंपाउंडर, सगळ्यांच्या नोंदी त्यांनी एकाच पेटाऱ्यात भरल्या होत्या. प्राणी कोणता, हे विचारायचंच राहिलं होतं. यंत्राचा काहीच दोष नव्हता. त्याला सांगितलेल्या तिन्ही अटी ही मंडळी चोख पाळत होती. त्यातून माणसांच्या नोंदीत फोन घरच्यांचा होता, म्हणजे बहुतेक बायकोचा.

फोन थांबेनात. एकीनं विचारलं, आजच आणलं तर चालेल का. दुसरी म्हणाली, चावत नाहीत, पण गुरगुरतात. आतून कंपाउंडर आला, पांढराफटक. "साहेब, दहा वर्षं इमानानं नोकरी केली. काय चुकलं माझं?"

सासऱ्यांनी सावकाश चष्मा काढला.

"जावईबापू, माझी नोंद आहे त्यात?"

"आहे."

"मेसेज कुणाला गेला?"

"आईंना."

जावयांना चाळीस दवाखाने एकेक करून बंद होताना दिसू लागले.

"होकार कळवायची सोय आहे?"

"आहे. एक आकडा दाबायचा. तेवीस आलेत."

"यादी काढा."

कागद बाहेर आला. सासऱ्यांनी एक्स-रे पाहावा तसा तो उजेडात धरला आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत शेवटापर्यंत गेले. मग खालून वर आले. मग खुर्चीत बसले आणि पोटातून श्वास सोडला.

"हिचा नाही."

"काय?"

"होकार. पस्तीस वर्षांचा संसार आहे, जावईबापू. अशा वेळी माणूस कळतं." त्यांनी चहा मागवला, कंपाउंडरलाही सांगितला. "प्राणी कोणता, ही चौथी अट घाला. सगळ्यांची माफी मागा. शिफारस मी करतो. चूक कुणाकडून होत नाही?"

जावयांचा जीव भांड्यात पडला. माफीचे मेसेज पाठवायला त्यांनी यादी पुढ्यात ओढली. पहिलाच होकार त्यांच्या स्वतःच्या घरून होता. मेसेज गेल्याच्या मिनिटालाच आलेला.

बाहेर जाऊन त्यांनी घरी फोन लावला. "तू होकार कळवलास?"

"मग? पहिल्याच दिवशी कुणी उत्तर दिलं नसतं तर तुला वाईट वाटलं असतं."

"मेसेज वाचला होतास?"

"वाचायचाही होता का?"

"मुळीच नाही," जावई घाईघाईनं म्हणाले. "पुसून टाक."

"थांब, बघते तरी." पलीकडून मेसेज पुटपुटत वाचल्याचा आवाज आला. मग बायको म्हणाली, "अरे, मग बरोबरच आहे की."