ट्रकची डिस्क आणि दोन मजले

माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही. हे मीच सांगितलेलं बरं, कारण दुसरं कोणी सांगत नाही. पोटासाठी मी चष्म्याच्या दुकानात बसतो आणि समाजासाठी गुप्तहेर आहे. लोक मला 'घारीचा डोळा' म्हणतात. म्हणजे, तसं म्हणा असं मी त्यांना सांगून ठेवलंय, अजून जीभ वळत नाही एवढंच. माझी बुद्धी तलवारीसारखी धारदार आहे आणि मी ती क्वचितच वापरतो, बोथट होऊ नये म्हणून. आजवर मी हाताळलेल्या प्रत्येक प्रकरणाचा उलगडा झालेला आहे. तो मीच केला, असा दावा मी कुठेही केलेला नाही.

थोर गुप्तहेराला सहायक लागतो. माझ्या वाट्याला सासूबाई आल्या. "आई घरात बसून कंटाळते, तुझ्या त्या शोधांना तिलाही नेत जा," असं बायकोने फर्मावलं आणि बायकोपुढे घार काय नि गरुड काय, सगळे चिमणीच. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे पाठलागाला त्यांचा उपयोग शून्य. घटनास्थळी पोचल्यावर त्या पहिल्यांदा कुठे बसता येईल ते शोधतात. तेवढा एकच शोध आमच्याकडून नेहमी यशस्वी होतो.

तर परवा दुकानात एक गृहस्थ चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आले. सत्तरीचे, अंगाने किडकिडीत, खिशाला पेन. उभी हयात छापखान्यात गेलेली. आम्ही त्यांना छापखानेकाकाच म्हणतो.

मी भिंगातून त्यांच्याकडे एक कटाक्ष टाकला. "काका, तुमची एखादी मौल्यवान वस्तू हरवली आहे."

"अरेच्चा! कसं ओळखलंस?"

"तुमच्या कपाळावरच्या आठ्यांवरून."

वास्तविक ते आत आल्यापासून "कुठे गेली असेल, कुठे गेली असेल" असं पुटपुटत होते. पण गुप्तहेराने आपली सगळी गुपितं उघड करायची नसतात.

हकीकत अशी होती. काका खालच्या मजल्यावर राहतात आणि त्यांचे थोरले भाऊ, दातांचे डॉक्टर, वरच्या. वडिलांच्या पश्चात घराची वाटणी झाली, तेव्हा दोघांत जे बिनसलं ते बिनसलंच. धाकटे तेव्हापासून वर गेलेले नाहीत. थोरले मात्र दिवसातून दोनदा खाली येतात, आणि तेही फक्त एका कारणासाठी. दोघांकडे मुलांनी मागे ठेवलेली गेम खेळायची यंत्रं आहेत आणि दोघांत मिळून एकच डिस्क आहे. खेळ ट्रक चालवायचा. माल भरायचा, रात्रंदिवस हायवेवरून न्यायचा, गोदामात रिव्हर्स घेऊन लावायचा. खऱ्या आयुष्यात दोघांनी मिळून एक स्कूटर चालवली आहे आणि तीही खांबावर घातली. डिस्कच्या मात्र शिफ्टा ठरलेल्या. सकाळी थोरले डिस्क खाली आणून देतात, संध्याकाळी येऊन वर नेतात. नेताना उजेडात धरून ओरखडे बघतात, "बोटं लावलीस" म्हणून करवादतात, चहा घेतात आणि डिस्क चांगली की डाउनलोड यावर अर्धा तास भाषण ठोकतात.

"दादा कट्टर डिस्कवाला," काका म्हणाले. "म्हणतो, डाउनलोड म्हणजे हवेतली इस्टेट. उद्या कंपनीने दार लावून घेतलं, तर तू कुणाच्या नावाने बोंब मारणार? डिस्क कशी, आपल्या हातात. वाचून झालेलं पुस्तक शेजाऱ्याला देता येतं तशी देता येते."

"आणि ही डिस्क हरवली?"

"डबीतून गायब! दुपारपर्यंत मी खेळलो, संध्याकाळी दादा न्यायला आला, तर डबी रिकामी." काकांचा आवाज जरा खाली आला. "लेक म्हणते, बाबा, सोडा तो नाद, रविवारी नवं यंत्र मागवते. त्यात डिस्कला खाचच नाही. सगळं डाउनलोड. ज्याचं त्याचं, ज्याच्या त्याच्या घरात."

"मग उत्तमच झालं की!"

काकांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसला. "उत्तम काय? मग दादा खाली कशाला येईल? आमच्यात दुसरं काही उरलंय का? मला ती डिस्क पाहिजे रे बाबा. रविवारच्या आत."

दुसऱ्याच दिवशी मी सासूबाईंसह घटनास्थळी दाखल झालो. सासूबाईंनी टीव्हीसमोरचा सोफा ताब्यात घेतला. मी भिंग काढून डबीचं आतून, बाहेरून आणि एकदा वास घेऊन परीक्षण केलं.

"डबी रिकामी आहे," मी जाहीर केलं.

"ते आम्हालाही दिसलं होतं," काकू म्हणाल्या.

"काकू, दिसणं वेगळं आणि पाहणं वेगळं." मग मी काकांकडे वळलो. "खेळ झाल्यावर डिस्क तुम्ही डबीतच ठेवली होती, याची खात्री?"

काका दुखावले. "अरे, छापखान्यात मशीन बंद केल्यावर प्लेट उतरवल्याशिवाय मी कधी घरी गेलो नाही. काम संपलं की पहिली प्लेट काढायची, पुसायची, जागेवर. हाताला वळणच आहे ते. यंत्रात डिस्क ठेवून उठणारा माणूस मी नव्हे!"

एवढ्या तळमळीने बोलणाऱ्या माणसावर अविश्वास दाखवणं मला शोभलं नसतं. म्हणून यंत्र मी संशयितांच्या यादीतून वगळलं आणि बाल्कनीत गेलो. तिथे मला जे दिसलं, त्याने अंगावर काटा आला. दोरीला बांधून एक, दोन, तीन चकचकीत डिस्का उन्हात लटकत होत्या!

"काकू! हा काय प्रकार?"

"कबुतरांना घाबरवायला."

"कबुतरांच्या आडून ट्रक पळवलात तुम्ही!" मी स्टुलावर चढलो. स्टूल डगमगलं, मी दोरी धरली, दोरीने मला धरलं नाही. खाली आलो तेव्हा गळ्यात तिन्ही डिस्का होत्या. दोहोंवर काकूंच्या भाचीचं लग्न होतं आणि तिसरीवर योगासनं. कबुतर समोरच्या कठड्यावरून माझ्याकडे बघत होतं. घाबरलेलं मुळीच दिसत नव्हतं.

"लागलं का हो जावईबापू?" सासूबाईंनी सोफ्यावरूनच विचारलं.

"नाही. एक शक्यता निकालात निघाली."

दुसरी शक्यता अधिक भयंकर होती. चौकशीत कळलं की गेल्याच आठवड्यात इंटरनेटवाला येऊन जाड वायर बसवून गेला होता. माझ्या मेंदूत वीज चमकली. जगभरात डाउनलोडचा धंदा वाढायला काय नको? डिस्क! डाउनलोडला काय लागतं? जाड वायर! मी त्या इंटरनेटवाल्याला फोन लावला आणि दरडावलं, "सगळं उघडकीला आलेलं आहे. डिस्क कुठे आहे बोल!" तो म्हणाला, "साहेब, राउटर एकदा बंद करून चालू करा." मी पुन्हा दरडावलं. त्याने तेच पुन्हा सांगितलं. पक्का मुरलेला होता.

इकडे सासूबाई काकांना विचारत होत्या, "हा टीव्हीवर मासा कसला?"

"मासे पकडायचा खेळ आहे. वाढदिवसाला लेकीने पाठवला, डाउनलोडवाला. ती फोनवरून हे दाब, ते दाब करत होती, मी दाबत होतो. डिस्क नाहीशी झाली, त्याच दिवशी दुपारी. आता हाच खेळतो, करणार काय?"

"मला शिकवा बघू," म्हणून सासूबाईंनी कंट्रोलर हातात घेतला. सहायकाने असं कर्तव्य सोडून मासेमारी करावी, याचं मला मनस्वी दुःख झालं.

आता एकच संशयित उरला होता. थोरले. मी पायऱ्या चढून वर गेलो. डोळे तपासायला आलोय असं सांगायचं ठरवलं होतं. पण दार अर्धवट उघडं होतं आणि आतून इंजिनाची घरघर ऐकू येत होती. मी डोकावलो. थोरले पाठमोरे खुर्चीत बसलेले, हातात कंट्रोलर, आणि टीव्हीवर, वाचकहो, धडधडत चाललेला ट्रक!

"हात वर!" मी गरजलो.

"थांब, वळणावर आहे," ते म्हणाले, आणि मग दचकले. "कोण रे तू?"

"घारीचा डोळा! डिस्क बाहेर काढा!"

त्यांनी बटण दाबलं. यंत्राची खाच रिकामी. मी वाकून भिंगाने पाहिलं, तरी रिकामीच. ट्रक मात्र पडद्यावर खुशाल चालू.

"म्हणजे डाउनलोड!" मी ओरडलो. "तत्त्वाने डिस्कवाले आणि आचरणाने डाउनलोडवाले!"

थोरले कानापर्यंत लाल झाले. "हळू बोल, हळू. खाली ऐकू जाईल."

ते खाली ऐकू जावं म्हणूनच तर मी आलो होतो. मी दोनदोन पायऱ्या उतरत खाली पोचलो. मागोमाग थोरले, "अरे थांब, गाढवा," करत. दिवाणखान्याच्या मध्यभागी उभं राहून मी घसा खाकरला.

"सभ्य स्त्री-पुरुषहो! चोर सापडला आहे. तो या खोलीत आहे. तो दातांचा डॉक्टर आहे. ज्याच्या घरी हाच खेळ डाउनलोड केलेला आहे, त्याला डिस्कची गरज काय? काहीही नाही! म्हणूनच त्याने ती पळवली, धाकट्या भावाला खेळता येऊ नये म्हणून!"

काकूंनी तोंडाला पदर लावला. काका मात्र माझ्याकडे बघतच नव्हते. "दादा, तू डाउनलोड घेतलास? कधी?"

"झाले सहा-सात महिने," थोरले जमिनीकडे बघत म्हणाले. "पोराने घालून दिला. पण बाळ्या, डिस्क मी नाही घेतली रे. आईची शपथ."

"शपथा सगळेच चोर घेतात," मी म्हणालो. "आता पुरावा..."

पोंऽऽऽ!

असा काही भोंगा वाजला की मी सोफ्यामागे उडी मारली. शत्रूला बेसावध गाठायची ती माझी पद्धत आहे. वर डोकं काढून पाहतो, तर सासूबाई टीव्हीवर ट्रक चालवत होत्या. खालच्या मजल्यावर. काकांच्या यंत्रावर.

"मासे काही लागेनात," त्या म्हणाल्या. "शेजारी ट्रकचं चित्र होतं, ते दाबलं. का हो? दाबायचं नव्हतं का?"

"अहो, चित्र कायमच असतं तिथे, पण डिस्क नसेल तर तो चालणारच..." काका बोलता बोलता थांबले. वाकले. बटण दाबलं. यंत्राने हळूच जीभ काढावी तशी डिस्क बाहेर आली.

लेकीच्या फोनच्या गडबडीत काकांनी प्लेट उतरवलीच नव्हती. आणि डबी रिकामी म्हणून यंत्रात बघितलं नव्हतं, कारण यंत्रात विसरणारे ते नव्हतेच.

"माझा अंदाज खरा ठरला," मी सोफ्यामागून बाहेर येत म्हणालो. "डिस्क घरातच होती."

"गप्प बसा हो जरा," सासूबाई म्हणाल्या. त्या दोघा भावांकडे बघत होत्या.

काकांनी डिस्क थोरल्यांच्या हातात दिली. थोरल्यांनी ती सवयीने खिडकीच्या उजेडात धरली. "बोटं लावलीस पुन्हा."

"दादा, सहा-सात महिने खेळ तुझ्या घरात आहे. मग रोज सकाळ-संध्याकाळ ही डिस्क न्यायला आणायला कशाला यायचास?"

थोरले डिस्क उलटसुलट करत राहिले. मग एकदम चिडून म्हणाले, "मग काय सांगून यायचं होतं? सहज आलो म्हणून? असं आपल्यात राहिलंय का काही? दुसरं काय निमित्त होतं माझ्याजवळ?"

काका खालमानेने उभे राहिले. त्यांचा चेहरा असा झाला की मी घारीचा डोळा असूनही दुसरीकडे बघितलं. काकू आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. तेवढ्यात काकांनी फोन उचलला आणि लेकीला लावला.

"हां बाळा, मिळाली डिस्क. नाही, नाही, तू मागव ते यंत्र. खाच असली काय, नसली काय, मला काही फरक पडत नाही. फक्त कंट्रोलर दोन पाठव. हो, दोन. मी आणि दादा इथे बसून खेळणार."

थोरल्यांनी नाक ओढलं. मग टीव्हीकडे पाहिलं. सासूबाईंनी त्यांच्या हातातली डिस्क केव्हाच काढून परत यंत्रात ढकलली होती, त्या जीभ दातात धरून गोदामाच्या दाराशी रिव्हर्स घेत होत्या आणि कंट्रोलर सोडण्याची कसलीही लक्षणं दिसत नव्हती.

"बाळ्या," थोरले म्हणाले, "तीन सांग."