मुंडीवाले परुळेकर सर

कुणाचं व्यक्तिचित्र लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. चार ओळी लिहितानाही हात अडखळतो. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण परुळेकर सरांबद्दल लोक नुसते हसतात, म्हणून धीर केला.

सर आम्हाला प्राणिशास्त्र शिकवत. दर रविवारी मालवणच्या खाटकाकडून बोकडाची मुंडी पिशवीत घालून ते एसटीने धामापूरला घरी जात. एकदा पिशवीतून शिंग बाहेर आलं. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, हेचा अर्धा तिकीट काढा."

"माझ्या मांडयेर आसा तो. सीट खंय अडवल्यान?" सर शांतपणे म्हणाले.

गंमत म्हणजे सर मांस खात नसत. त्यांना फक्त मेंदूच्या बुडाशी असलेलं धमन्यांचं बारीक जाळं बघायचं असे. ते जाळं नाकाकडून परतणाऱ्या अशुद्ध रक्तात बुडालेलं असतं. सरांचं म्हणणं, त्या रक्तातले हार्मोन पातळ भिंतींतून थेट धमनीत शिरतात आणि मेंदूकडे जातात. "हृदयाक न विचारता!" टेबलावर थाप मारून ते म्हणत. स्टाफरूममध्ये त्यांचं नावच 'मुंडीवाले' पडलं होतं.

एका वर्षी कोल्हापूरहून परीक्षक आले, तेव्हा सरांनी हे सिद्ध करायचं ठरवलं. मुंडीच्या शिरेत लाल रंग सोडायचा. तो धमनीत दिसला की झालं. रंग म्हणून त्यांनी घरचं कोकमाचं आगळ, म्हणजे लालभडक रस आणला. धमनी लाल झाली, आम्ही टाळ्या वाजवल्या. परीक्षकांनी वाकून वास घेतला.

"परुळेकर, मेलेल्या मांसातून आगळ कुठूनही पाझरेल. जिवंत शेळीच्या नाकाच्या शिरेत हार्मोन सोडा. लगेच मेंदूकडच्या धमनीतलं आणि पायातलं रक्त काढून द्या. मेंदूकडे जास्त निघाला, तर तुमचं खरं. मोजायचं काम आमचं. निबंध विद्यापीठात तुम्हीच वाचा."

सरांचा चेहरा उजळला. मग ते हळूच म्हणाले, "मान उघडूक लागतली. शेळी वाचूची नाय."

"एका शेळीचं काय घेऊन बसलात!"

सरांनी शेळी आणून धामापूरला घरी बांधली. "प्रयोगाच्या जनावराक नाव ठेवूचा नसता," असं आम्हाला बजावलंही. सर एकटेच राहत. एका संध्याकाळी मी प्रयोगाचं सामान पोचवायला गेलो, तर कुडाच्या भिंतीपलीकडून सरांचा आवाज आला, "बाये, आज भाजी करपली गो. तुझा बरा आसा, फणसाचो पालो करपणा नाय." मी खाकरलो. आवाज बंद झाला.

प्रयोगाच्या दिवशी परीक्षक पुन्हा येऊन घड्याळ काढून उभे होते. मी आणि माझ्या वर्गातला गावडे शेळीचे पाय धरून बसलो. सरांनी तिच्या मानेवरचे केस भादरले, सुरी उकळलेल्या पाण्यातून काढली. शेळी धडपडेल म्हणून मी सगळा जोर लावला होता. ती धडपडली नाही. सरांच्या मनगटावर हनुवटी टेकून रवंथ करत राहिली. सुरी मानेपाशी गेली आणि तिथेच थांबली.

"आरडत कित्या नाय गो तू?" सर म्हणाले. मग आमच्याकडे न बघता, "सोडा रे तिका."

"सर, परीक्षक—"

"सोडा म्हणतंय मा!"

परीक्षक दुपारच्या गाडीने गेले. 'मुंडीवाले सुरी बघून घाबरले,' हे स्टाफरूमला वर्षभर पुरलं. सरांनी तो विषय पुन्हा वर्गात काढला नाही. मुंड्याही बंद झाल्या.

पुढे मी कोल्हापूरला शिकायला गेलो. तिथे एका तासाला शिक्षक सहज बोलून गेले, की परदेशात कुणीतरी हे जिवंत डुकरिणींत दाखवलं आहे. मेंदूच्या बुडाशी हार्मोन शिरेतून थेट धमनीत जातात. सुट्टी लागताच मी आधी घरी न जाता धामापूरला उतरलो.

"सर, तुमचं खरं निघालं!" अंगणातूनच मी ओरडलो आणि धापा टाकत सगळं सांगितलं.

सर उंबऱ्यावर बसले. कोणी केलं, कुठे केलं, असं काहीतरी विचारतील म्हणून मी वाट बघत होतो.

"त्यो डुकरिणी," सर म्हणाले, "जगल्यो मा रे?"