लाल घुबडाची झोपडी

कागदपत्रांच्या बाबतीत माझा हात धरणारा अख्ख्या उत्तर विस्कॉन्सिनात कोणी नाही. ही बढाई नाही, आमचे मार्वसाहेबच तसं म्हणायचे. आमची कंपनी बारवाल्यांना ‘लाल घुबड’ बिअर पुरवते. बारवाल्याला जाहिरातीचा आरसा दिला, पाटी दिली, ग्लासाखाली ठेवायच्या चकत्या दिल्या, की कोणाला, कधी, केवढ्याच्या ते लिहायचं आणि तो कागद तीन वर्षं जपायचा, असा सरकारी नियम. फुकटच्या वस्तू देऊन आम्ही बारवाल्यांना फितवतो, असं सरकारला वाटतं. आमच्या गावात बार चालवणाऱ्या आर्डिसमावशीला कोणी फितवून दाखवावं, मी आजपासून दूध पिईन!

फेब्रुवारीत मिस बर्डेट नावाच्या तपासनीस बाई आल्या. माझी फाइल चाळून त्यांनी चक्क मान डोलावली. माझी छाती फुगली, तेवढ्यात त्यांनी मधलाच एक कागद उपसला.

“आर्डिसचा बार. बिअरच्या पेट्या मांडायला लाकडी झोपडी. उद्या सकाळी जाऊन बघू या.”

ती झोपडी ही माझीच कल्पना! उतरतं छप्पर, आत फळ्या आणि दोन्ही बाजूंना हे एवढं लाल घुबड.

मार्वसाहेबांनी मला बाहेर गाठलं. “व्हर्लिन, कागदावर आहे ते बारमध्ये दिसलं नाही, तर तू दुसरी नोकरी बघ.”

“मी आहे ना, साहेब,” मी म्हणालो. तरी आपला एक फोन केला.

“मावशी, झोपडी जागेवर आहे ना?”

“आहे की. तळ्यावर.”

“तळ्यावर?”

“मग मासे काय बारमध्ये धरू? झोपडीच्या तळाला भोक पाडलं, शेगडी बसवली. झकास बनवलीस रे, वारा म्हणून शिरत नाही.”

आमच्याकडे तळं गोठलं, की माणसं त्यावर झोपड्या नेऊन मासे धरतात. हे मला जन्मापासून माहीत. आणि अशा माणसांना मी तयार झोपडी दिली, वर चार भिंतीही वाऱ्याला दाद न देणाऱ्या! स्वतःची अक्कल आठवून मला रडू यायला लागलं.

दुपारी ट्रक घेऊन पोचलो. झोपडीचा तळ बर्फात रुतलेला. मी पहार घेऊन फोडत सुटलो. मावशी बादली उलटी टाकून तिच्यावर बसली आणि सूचना देऊ लागली.

“डावीकडे मार. अरे, तुझ्या डावीकडे नाही, माझ्या.”

मी माझ्या डावीकडे सरकलो आणि बर्फात शेजारीच पाडलेल्या मासे धरायच्या दुसऱ्या भोकात गुडघ्यापर्यंत गेलो. मावशीने मला कॉलर धरून वर काढलं. पुढच्या खेपेला दुसरा पाय गेला, तेव्हा मात्र ती आधी पोटभर हसली.

कशीबशी झोपडी ओढत आणली, मागच्या दारातून बारमध्ये कोंबली. तळाच्या भोकावर बिअरची पेटी ठेवली. धुराड्याला जाहिरातीची टोपी घातली. अगदी नवरीसारखी सजवली.

सकाळी मिस बर्डेट आल्या. झोपडीभोवती फिरल्या. बारमधल्या उबेने तळाचा बर्फ वितळत होता आणि त्याचं पाणी सरळ बाईंच्या बुटांकडे निघालं होतं. बाईंनी पाण्याकडे पाहिलं, धुराड्याकडे पाहिलं, मग वास घेतला.

“यात मासे ठेवता?”

मार्वसाहेब छताकडे बघू लागले.

“ठेवत नाही, धरते,” मावशी म्हणाली. “झोपडी मीच तळ्यावर नेली. या पोराला कालपर्यंत पत्ता नव्हता. त्याची नोकरी खाऊ नका.”

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

बाई बराच वेळ लिहीत होत्या. “नेली तुम्ही, तर चूक कंपनीची नाही. झोपडी विकत घ्या, रीतसर पावती करा आणि खुशाल मासे धरा.”

मार्वसाहेबांनी श्वास सोडला. नोकरी वाचली! इथे मी गप्प बसायला हवं होतं.

“पण ही परत कोणी आणली?” बाईंनी सहज विचारलं.

“मी!” मी छाती काढून सांगितलं. “एकट्याने! आणि मावशीकडून एक पैसा घेतला नाही.”

बाईंनी मिटलेली वही पुन्हा उघडली.

“म्हणजे बारवाल्याला फुकट सेवा,” बाई म्हणाल्या. “तिची नोंद कुठे आहे?”

मार्वसाहेबांनी पुन्हा छत गाठलं.

शेवटी बाईंनीच तोड काढली. कामाची किंमत ठरवा, मावशींकडून घ्या आणि लिहून ठेवा. त्या दिवसापासून मावशीचे मासे आणि माझी नोकरी, दोन्ही सुखात आहेत. शनिवारी मला शेगडीजवळची जागासुद्धा मिळते.

फक्त किंमत मावशीने ठरवली. “दोनदा भोकात पडला. बाहेर मी काढला. ते वजा करा,” म्हणाली.

त्यामुळे माझ्या त्या देखण्या फाइलमध्ये, आरसे आणि पाट्यांच्या मधोमध, आता माझाही कागद आहे. त्यावर माझी किंमत ग्लासाखालच्या चकत्यांच्या एका पुडक्यापेक्षा थोडी कमी लिहिली आहे. आणि तो कागद तीन वर्षं फाडता येत नाही.