तुळशीची निळी पानं

आईनं सात वेळा फोन केला तर शिवप्रसाद एकदा उचलणार, आणि मशीन नुसतं थांबलं की याचा जीव वरखाली होणार! या गोष्टीचा मीनाक्षीबाईंना भयंकर राग होता.

भरतकामाचं ते मशीन त्यानंच दिलेलं. वडील गेल्यावर मेलकावेरी गावातल्या घरात अम्माला सोबत हवी म्हणून. दोरा बदलायची वेळ आली की ते थांबे आणि थेट बंगळुरात मुलाच्या मोबाइलवर चुगली करी. दोन मिनिटांत फोन, "अम्मा, पुढचा दोरा घाल."

जवळच्या गोविंदपुरम्‌च्या देवळातल्या भजनी बायकांनी रखुमाईमागं लावायला पडदा सांगितला होता. बारा तुळशीची पानं, सगळी हिरवी. म्हणजे रंग एक, फोन एक.

बाई शिकलेल्या तिसरीपर्यंत. पण मशीनच्या काचेवर बोट दाबलं की पानाचा रंग बदलतो, हे कळायला शाळा कशाला हवी? त्यांनी बारा पानांना बारा रंग दिले. लागोपाठ दोन पानं एका रंगाची आली तर मशीन थांबत नाही, म्हणून एकही रंग दोनदा येऊ दिला नाही.

"अम्मा, आता गुलाबी."

"घालते. जेवलास कां?"

"हो हो. ठेवतो."

पडदा बघायला आलेली भजनातली भुवनेश्वरी दारातच थबकली. "अय्यो, तुळस निळी?"

"देव निळा चालतो तुम्हांला. त्याची तुळस निळी झाली की पोटात दुखतं!"

ती गेली आणि घर पुन्हा गप्प झालं. सवयीनं दोन पेले कॉफी गाळली होती. दोन्ही पेले बाईच प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी शिवप्रसाद म्हणाला, "अम्मा, सगळ्या रंगांची यादी पाठवली आहे. आता माझी गरज नाही."

बाईंनी यादी वाचली आणि मुद्दाम चुकीचे दोरे घातले. फोटोही पाठवला.

"अम्मा! तिथं पिवळा सांगितला होता. तू जांभळा घातलास!"

"जांभळा? मला पिवळाच दिसतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवप्रसाद बॅग घेऊन दारात उभा.

त्यानं बाईंना खुर्चीत बसवलं आणि दोऱ्यांची रिळं पुढ्यात धरली. "खरं सांग. डोळे ठीक असले तर संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. नसले तर रजा टाकून डॉक्टरकडं नेतो. हा कोणता?"

रीळ लाल होतं. लालातले सात प्रकार बाईंना अंधारातही ओळखता आले असते. ज्या बाईनं जन्मात आपलं काही चुकलं म्हणून कबूल केलं नव्हतं, तिनं मुलाच्या बॅगेकडं पाहिलं.

"हिरवा," त्या म्हणाल्या.

शिवप्रसादचा चेहरा उतरला. त्यानं तिथंच आठ दिवसांची रजा मागितली, डॉक्टरांची वेळ घेतली. बाईंनी दोन पेले कॉफी आणली. आज दुसरा पेला त्यानं उचलला. त्या समोर बसून त्याला डोळे भरून पाहत राहिल्या, आणि पाहता पाहता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे तिसरं बटण कोणी लावलं रे?"

"मीच. कां?"

"सदरा मोतिया, दोरा पांढराफटक! शोभतं कां हे?"

शिवप्रसादनं वाकून बटणाकडं पाहिलं. त्याला दोन्ही रंग एकच दिसले. मग त्याचा पेला ओठांशीच थांबला आणि तो आईकडं बघतच राहिला.

बाईंनी पदर सावरला.

"रजा घेतलीस ते बरं केलंस. डॉक्टरकडं तुलाच नेते."